अबीज आणि क्लीब : औषधाच्या एका कागदानिमित्त

गेल्या पावसाळ्यांत इंदापूर तालुक्यांतील आमचा एक जुना विद्यार्थी घरीं आला. त्याच्या पिशवींत वडिलोपार्जित बाड होतें. बाडांत विशेष असें कांहीं नव्हतें. कांहीं स्तोत्रें, पंचांगाचीं टिपणें, उसनवारीचे हिशेब, आणि मध्येंच मोडी अक्षरांत लिहिलेलें औषधाचें एक पान. ज्यांनीं घरोघरचीं बाडें चाळलीं आहेत त्या आमच्या वाचकांस असलीं पानें नवीन नाहींत. वर 'धातुपुष्टीस' एवढाच मथळा; खालीं आस्कंद, कुहिलीचें बीं, सराटे आणि तालीमखाना हीं चार द्रव्यें समभाग, सर्वांइतकी खडीसाखर, रोज एक तोळा, अनुपान गाईचें दूध. कोणासाठीं, कोणत्या व्याधीवर, किती दिवस, लिहिणारा कोण, याचा पत्ता नाहीं.

पान वाचून घेतल्यावर तो कांहीं वेळ गप्प बसला व मग म्हणाला, "गुरुजी, लग्नाला सहा वर्षें झालीं. तिच्या तपासण्या तीन ठिकाणीं झाल्या. माझी एकदांहि झाली नाहीं. हें चूर्ण मीं घेतलें तर चालेल का?"

आम्हीं आयुष्यभर संस्कृत शिकविलें. वैद्यकी केली नाहीं. तेव्हां चूर्ण घ्यावें कीं न घ्यावें हें सांगण्याचा आमचा अधिकार नव्हे, असें त्यास सांगितलें. परंतु त्याच्या प्रश्नाच्या पोटांत दुसरा एक प्रश्न होता. वनस्पतींनीं पुरुषाच्या अपत्योत्पादनशक्तींत फरक पडतो काय, आणि आपल्या पूर्वजांनीं याचें उत्तर काय दिलें होतें, हा तो प्रश्न. तो मात्र आमच्या अभ्यासाच्या टापूंतला आहे. त्याचा शोध घेतांना जें हातीं लागलें तें येथें मांडतों.

प्रथम त्याच्याच गांवची गोष्ट. इंदापूर म्हटलें म्हणजे मालोजीराजे भोसले यांचें स्मरण होतें. निजामशाहीच्या बाजूनें लढतां लढतां ते इंदापुरास पडले. त्यांची गढी म्हणून जी जागा दाखवितात ती तेथेंच आहे. मृत्यूचें साल सर्व इतिहासकार सारखें देत नाहींत. १६०५-०६ चा सुमार आज बहुधा स्वीकारला जातो. या मालोजीराजांस विवाहानंतर बरींच वर्षें संतति नव्हती. १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासग्रंथांत ग्रँट डफनें ही हकीकत दिली आहे, व बखरींतूनहि ती वाचकांच्या परिचयाची आहे. पत्नी फलटणच्या नाईक निंबाळकर घराण्यांतील. तिचें नांव उमाबाई, कोठें दीपाबाई. महादेवाची आणि तुळजापूरच्या भवानीची आराधना झाली, ती फळास आली नाहीं. मग अहमदनगरच्या शहाशरीफ नांवाच्या पिरास नवस झाला. पुढें दोन पुत्र झाले व कृतज्ञतेनें एकाचें नांव शहाजी आणि दुसऱ्याचें शरीफजी ठेविलें गेलें. शहाशरीफाचा दर्गा नगरास (२०२४ पासून अहिल्यानगर) आजहि आहे.

हिंदु सरदारानें मुसलमान साधूचें नांव पुत्रांस दिलें, या भागाकडे आजवर सर्वांचें लक्ष गेलें, आणि तें योग्यच आहे. आमचें लक्ष निराळ्या गोष्टीकडे गेलें. या हकीकतींत जे उपाय आले ते सगळे नवसाचे. औषधाचें नांव नाहीं, वैद्याचें नांव नाहीं. मालोजीराजांचे बंधु विठोजी यांस पुढें आठ पुत्र झाले. म्हणजे एकाच घरांत एका भावाचा पाळणा हालत होता व दुसऱ्याचा हालत नव्हता. असें असतांहि उणीव कोणाकडे आहे हा प्रश्न कोणीं विचारल्याचें दिसत नाहीं. कोणांत दोष होता हें चारशें वर्षांनंतर ठरविण्याचा हा प्रयत्न नव्हे. तें शक्यहि नाहीं व पुढें दोन पुत्र झाल्यावर त्यास अर्थहि नाहीं. पुत्र नाहीं म्हटल्यावर लोकांचें मन कोणत्या वाटेनें जात असे एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

बारामतीसहि हीच वाट दिसते. कऱ्हेच्या कांठीं बाबूजी नाइकांच्या आश्रयास राहून मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) अष्टोत्तरशत रामायणें रचिलीं अशी ख्याति आहे, आणि रामकथेचा उगमच मुळीं दशरथाच्या अनपत्यतेंत आहे. यज्ञाचें नांव पुत्रकामेष्टि, यजमान राजा, कामना राजाची. पायस मात्र प्यावयाचें तें राण्यांनीं. तिघी राण्या निपुत्रिक आणि राजा एकच, हें गणित कीर्तनाच्या मांडवांत कोणीं मांडल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. (शांतेची कथा निराळी, ती सर्व पाठांत सारखी नाहीं.) पुराणकथेस वैद्यकाचे प्रश्न विचारणें अरसिकपणाचें आहे हें आम्ही जाणतों. परंतु कथेचें वळण लोकांच्या वागण्यांत उतरतें. नवस बोलणारा पुरुष, उपास करणारी स्त्री. अंगारा आणणारा तो, खाणारी ती. आमच्या विद्यार्थ्याच्या घरीं तीन तपासण्या तिच्या व एकहि त्याची नाहीं, हें त्याच वळणाचें आजचें रूप होय.

हा त्या काळच्या अज्ञानाचा परिणाम, असें म्हणून सुटतां येत नाहीं. कारण पुरुषाविषयींची शंका शास्त्रानें केव्हांच घेतलेली होती, आणि तीहि आडपडदा न ठेवतां. वराचे गुण सांगतांना याज्ञवल्क्यानें त्याचें पुंस्त्व यत्नपूर्वक परीक्षून घ्यावें असें म्हटलें आहे. मिताक्षरेनें त्या ठिकाणीं नारदाचा आधार घेऊन परीक्षेचीं चिन्हेंहि दिलीं आहेत. नारदस्मृतींत अपात्र पुरुषांचे चौदा प्रकार मोजलेले असून त्यांतील कोण उपचारानें बरा होतो, कोणाची किती काळ वाट पाहावी, कोणास तात्काळ सोडावें, हा विचार आहे. त्याच ठिकाणीं क्षेत्र आणि बीज यांचा दृष्टांत योजून, ज्याच्यापाशीं बीज नाहीं तो क्षेत्राचा अधिकारी नव्हे असा निर्णय दिला आहे. मनूनें नवव्या अध्यायांत, ज्या पतीचा द्वेष करणाऱ्या स्त्रीस दोष देऊं नये अशा पतींची यादी दिली आहे. तींत क्लीब आणि अबीज असे दोन शब्द शेजारीं शेजारीं घातले आहेत.

हे दोन शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावे अशी आमची विनंति आहे. क्लीब म्हणजे ज्यास संग करण्याचें सामर्थ्य नाहीं तो. अबीज म्हणजे ज्याच्या ठिकाणीं सामर्थ्य असेल, परंतु बीज नाहीं किंवा असून निरुपयोगी आहे तो. पुरुष धडधाकट असून अबीज असूं शकतो. स्मृतिकारास हा भेद माहीत होता म्हणूनच त्यास दोन शब्द लागले. प्रस्तुत विषयांतील बहुतेक घोटाळा हा भेद विसरल्यानें झाला आहे.

आतां त्याच मनूनें त्याच अध्यायांत, वंध्या स्त्रीवर आठव्या वर्षीं दुसरी करावी, जिचीं मुलें जगत नाहींत तिच्यावर दहाव्या, जिला मुलीच होतात तिच्यावर अकराव्या वर्षीं करावी, असेंहि सांगितलें आहे. समाजानें यांतील कोणता भाग उचलला व कोणता पोथींत ठेविला, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. याज्ञवल्क्याची वरपरीक्षा आम्हीं वर्गांत अनेक वर्षें शिकविली. ती करून लग्न ठरल्याचें उदाहरण मात्र एकहि पाहिलें नाहीं.

दत्तकाच्या कागदांतूनहि हाच मौनाचा प्रकार आढळतो. पोटीं पुत्र नाहीं एवढें त्यांत येतें. कां नाहीं, तें येत नाहीं. वतन, इनाम, देशमुखी, कुलकर्ण यांवर वारसाचें नांव लागणें हा जीवनमरणाचा प्रश्न असे, आणि दत्तकविधीनें तो सुटत असल्यामुळें कारणाच्या खोलांत शिरण्याची गरज कोणास वाटत नसे. दत्तक मान्य न झाल्यास काय होतें तें साताऱ्यानें पाहिलें. शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज ५ एप्रिल १८४८ रोजीं निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वीं घेतलेला दत्तक डलहौसीनें नाकारला आणि राज्य खालसा झालें. राजघराण्याची ही गत, तर पाटिलकीवर जगणाऱ्या कुटुंबांत पुत्राची चिंता किती असेल याची कल्पना करावी. औषधांचीं पानें बाडांत कां चिकटविलीं गेलीं याचें उत्तर बहुधा यांतच आहे.

आतां वैद्यकाकडे वळूं. आयुर्वेदाच्या आठ अंगांत वाजीकरण हें एक स्वतंत्र अंग आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत पहिला अध्याय रसायनाचा आणि दुसरा वाजीकरणाचा. दोन्ही चार चार पादांचे. निपुत्रिक पुरुषास चरकानें एकाच फांदीच्या, छाया नसलेल्या झाडाची उपमा दिली आहे. पहिल्याच पादांतील बृंहणी गुटिकेच्या द्रव्यांत शरमूळ, ऊस व त्याच्या जाती, शतावरी, विदारी म्हणजे आपला भुईकोहळा, अशीं द्रव्यें येतात. पुढें उडीद, साठी तांदूळ, दूध, तूप, मध, कुहिली, गोखरू यांची रेलचेल आहे. निरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामतीनें ऊस पिकविण्याच्या कितीतरी शतकें आधीं चरकानें उसास या कामीं लावलें होतें. मात्र त्याच्या उसाबरोबर आणखी पुष्कळ द्रव्यें होतीं व साखर कारखाने नव्हते, हें सांगितलेलें बरें. मोर, हंस, मगर यांचीं अंडीं वगैरे जे योग आहेत त्यांची चर्चा येथें नको.

योगांची यादी वाचून पोथी मिटणाराचा गैरसमज होतो. चरकानें दोन अटी घातल्या आहेत, त्या यादीहून महत्त्वाच्या आहेत. पहिली, शरीराचे मार्ग शुद्ध केल्यावांचून वाजीकरण देऊं नये. मळक्या वस्त्रावर रंग चढत नाहीं त्याप्रमाणें तें फुकट जातें. दुसरी वयाची, सोळाच्या आंत नको आणि सत्तरीच्या पुढें नको. शिवाय चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायांत त्यानें क्लैब्याचे चार प्रकार केले : बीजोपघातानें होणारें, ध्वजभंगानें होणारें, जरेनें होणारें आणि शुक्रक्षयानें होणारें. म्हणजे बीजाचा बिघाड व इंद्रियाचें असामर्थ्य यांस त्यानें एका नांवाखालीं आणलें खरें, तरी खानें वेगळीं ठेविलीं. शुक्राचे आठ दोष सांगितले. फेसाळ, पातळ, रूक्ष, विवर्ण, दुर्गंधी, बुळबुळीत, अन्य धातूंनीं मिश्रित, आणि अवसादि. कारणांमध्यें आहारविहाराबरोबर चिंता, शोक, भय, शस्त्र-क्षार-अग्नि यांचा चुकीचा प्रयोग हींहि मोजलीं. सुश्रुतानें सहज म्हणजे जन्मजात क्लैब्य आणि मर्मच्छेदानें आलेलें क्लैब्य हीं असाध्य ठरविलीं. शुक्रदोषांतहि कांहीं कष्टसाध्य, कांहीं असाध्य असा विभाग केला. गर्भधारणेस ऋतु, क्षेत्र, अंबु आणि बीज हीं चारहि जुळून यावीं लागतात, हें त्याचें प्रतिपादन प्रसिद्धच आहे. येथें एकट्या क्षेत्राकडे बोट दाखविलेलें नाहीं, आणि एकट्या औषधानें चारहि जुळतात असेंहि म्हटलेलें नाहीं.

असाध्य हा शब्द उच्चारण्याचें धैर्य ज्या शास्त्रांत होतें त्याच शास्त्राच्या नांवावर पुढें सर्वांस सर्व साध्य झालें! याचें कारण आमच्या मतें मूळ ग्रंथांतच थोडेंसें दडलें आहे. वाजीकरणाच्या अध्यायांत बल, सुख आणि संतति हीं तीन फळें एकाच योगास जोडलेलीं पुष्कळ वेळां दिसतात. योगरत्नाकरासारखे संग्रहग्रंथ महाराष्ट्रांत वैद्यांच्या हातीं आले, जुन्नरच्या लोलिंबराजाचें वैद्यजीवन घरोघर उतरलें गेलें, आणि बाडें लिहिणारांनीं निदान गाळून नुसते योग टिपले. त्यांतून 'धातुपुष्टि' हा एक सर्वसमावेशक शब्द तयार झाला. शुक्र हा सातांतील शेवटचा धातु. परंतु लोकभाषेंत धातु म्हणजेच शुक्र, व धातु गेली म्हणजे सर्वस्व गेलें, अशी भीति पसरली. जुन्या वृत्तपत्रांच्या व मासिकांच्या शेवटच्या पानांवर धातुपौष्टिक गोळ्यांच्या जाहिराती ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस या भीतीचा बाजारभाव ठाऊक आहे. र. धों. कर्वे यांनीं १९२७ ते १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवून कामविषयक अज्ञानावर लेखणी झिजविली. त्यांच्याशीं सर्वत्र सहमत न होणारासहि त्यांचें हें श्रेय नाकारतां येणार नाहीं.

प्राचीनांस बीज डोळ्यांनीं पाहावें लागे. रंग, वास, दाटपणा, पाण्यावर तरंगणें, याखेरीज साधन नव्हतें, आणि त्या मर्यादेंत त्यांनीं केलेलें वर्गीकरण आदरास पात्र आहे. १६७७ सालीं हॉलंडांत लेव्हनहुक यानें सूक्ष्मदर्शकाखालीं शुक्रांतील हालणारे जीव पाहिले. तेव्हांपासून अबीज या शब्दाचा अर्थ मोजतां येण्याची वाट मोकळी झाली. शिवराज्याभिषेकास तेव्हां तीन वर्षें झालीं होतीं. हें वर्ष आम्ही सहज लक्षांत राहावें म्हणून सांगतों. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमपुस्तकांत शुक्रजंतूंची खालची संदर्भमर्यादा दर मिलिलीटरास १ कोटि ६० लक्ष अशी दिली आहे. संख्येबरोबर गति आणि आकारहि पाहतात. शुक्र दिसावयास दाट व शुभ्र असून त्यांत एकहि शुक्रजंतु नसणें शक्य आहे. जुन्या परीक्षेंत असा पुरुष निर्दोष ठरला असता. आणखी एक जुळणी कौतुकाची आहे. रसापासून शुक्र होण्यास सुश्रुत एक महिना धरतो. आजच्या मापानें शुक्रजंतु तयार होण्यास सुमारें ७४ दिवस लागतात. आंकडा जुळत नाहीं, परंतु आज घेतलेल्या औषधाचें फळ उद्यां दिसत नाहीं ही समजूत दोन्हीकडे आहे, व म्हणूनच आजचे प्रयोग ९० दिवसांचे असतात.

हे प्रयोग आमच्या पानावरील वनस्पतींचेच झाले आहेत, ही मोठी सोयीची गोष्ट. लखनौच्या संशोधकांनीं कुहिलीच्या बियांचें चूर्ण (प्रसिद्धि २००९) आणि आस्कंदाच्या मुळाचें चूर्ण (प्रसिद्धि २०१०) प्रत्येकीं ७५ वंध्य पुरुषांस रोज ५ ग्रॅम याप्रमाणें तीन महिने दिलें. संख्या व गति वाढल्याचें त्यांनीं नोंदविलें. तुलनेस निरोगी पुरुष होते. औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी घेणारा गट नव्हता. असा गट आपल्या प्रांतांतील डॉक्टरांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत होता. त्यांनीं अल्पशुक्र असे ४६ पुरुष घेतले. २१ जणांस आस्कंदाचा अर्क रोज ६७५ मिलिग्रॅम, २५ जणांस पोकळ गोळी. ९० दिवसांनीं अर्क घेणारांची संख्या दर मिलिलीटरास सुमारें ९६ लक्षांवरून २ कोटि ५६ लक्षांवर गेली, म्हणजे १६७ टक्के वाढली. या आंकड्यानें हुरळून जाण्यापूर्वीं वाचकांनीं २१ हा आंकडा पुन्हा वाचावा. सराट्याची कीर्ति मोठी असली तरी माणसांवरील पुरावा दुबळा आहे.

आणि शुक्रजंतूंची मोजणी म्हणजे मूल नव्हे. हें किती खरें आहे तें अमेरिकेंतील एका मोठ्या प्रयोगानें दाखविलें. जस्त व फोलिक आम्ल यांच्या गोळ्या पुरुषांच्या बीजास उपकारक म्हणून सर्रास विकल्या जातात. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत २३७० जोडपीं होतीं. निम्म्या पुरुषांस सहा महिने या गोळ्या व निम्म्यांस पोकळ गोळ्या दिल्या. गोळ्या घेणारांच्या घरीं जिवंत मूल जन्मण्याचें प्रमाण ३४ टक्के, न घेणारांच्या घरीं ३५ टक्के. पोटाच्या तक्रारी मात्र गोळ्यांच्या बाजूस अधिक. जस्त ही वनस्पति नव्हे हें खरें, परंतु एवढ्या मोठ्या संख्येवर पारखलें गेलेलें आस्कंद आमच्या पाहण्यांत नाहीं. तेव्हां आमचें मत असें : आस्कंद आणि कुहिली यांच्या बाबतींत प्राचीनांची निवड अगदींच पोकळ नव्हती, कांहीं पुरुषांच्या बीजांत त्यांनीं सुधारणा होत असावी, परंतु त्यांनीं मूल होतें हें अद्याप कोणीं सिद्ध केलेलें नाहीं. ज्याची बीजवाहिनी बंद आहे किंवा ज्याचें बीज जन्मतःच तयार होत नाहीं, त्याचा मार्ग कोणतेंहि मूळ उगाळून मोकळा होणार नाहीं. सुश्रुताचें 'असाध्य' तेथें अद्याप उभें आहे. कांहीं ठिकाणीं शस्त्रक्रियेनें व प्रयोगशाळेनें तें मागें सारलें, इतकेंच.

वनस्पति निरुपद्रवी असतात ही समजूतहि तपासली पाहिजे. चीनमध्यें सरकीच्या कच्च्या तेलावर राहणाऱ्या खेड्यांत मुलें होईनाशीं झालीं, तेव्हां तिच्यांतील गॉसिपॉल नांवाच्या द्रव्याचा शोध लागला. १९७० नंतर आठ हजारांहून अधिक पुरुषांवर संततिनियमनासाठीं त्याचा प्रयोग झाला. शुक्रजंतु नाहींसे झाले, परंतु कांहींच्या रक्तांतील पोटॅशियम धोक्याइतकें घटलें आणि कांहींचें बीज परत आलेंच नाहीं. प्रयोग सोडून द्यावा लागला. (शुद्ध केलेल्या सरकीच्या तेलांत हें द्रव्य राहत नाहीं, खानदेश-वऱ्हाडच्या वाचकांनीं घाबरूं नये.) म्हणजे वनस्पतीनें पुरुषाच्या बीजावर परिणाम होतो काय, या प्रश्नाचें सर्वांत निःसंशय उत्तर बीज नाहींसें करणाऱ्या वनस्पतीनें दिलें आहे! आस्कंदानें यकृतास इजा झाल्याचीं उदाहरणें नोंदलीं गेलीं असून डेन्मार्कनें २०२३ सालीं त्यावर बंदी घातली. बाटलींत लिहिलें तेंच असतें असेंहि नाहीं. अमेरिकेंत बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकीं १४ मध्यें शिसें, पारा किंवा सोमल सांपडल्याचें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. शिसें हें बीजाचें वैरी आहे हें आज निर्विवाद आहे. म्हणजे ज्यासाठीं औषध घ्यावें त्याचाच नाश औषधानें व्हावा, असाहि प्रसंग येतो.

पण या सर्वांहून मोठी हानि काळाची आहे. पुरुष तीन महिन्यांसाठीं चूर्ण सुरू करतो, तें तीन वर्षें चालतें, तोंवर दोष कोठें आहे हें कोणीं पाहिलेलें नसतें, आणि स्त्रीचें वय पुढें जात असतें. अनपत्य जोडप्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांत पुरुषाचाहि वांटा असतो असें आजचें वैद्यक मानतें. पुरुषाची पहिली परीक्षा सोपी, स्वस्त व वेदनारहित; स्त्रीच्या परीक्षा त्या मानानें कष्टाच्या. असें असतां क्रम उलटा कां लागतो, याचें उत्तर आम्हांस वैद्यकांत सांपडलें नाहीं. तें दशरथाच्या पायसांत सांपडलें.

आतां त्या पानाकडे. इंग्रजी अमलांत १८३३ पासून तोळा १८० ग्रेनांचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा ठरला. तोच धरल्यास रोजच्या तोळ्यांत निम्मी खडीसाखर, उरलेल्या पावणेसहा ग्रॅमांत चार द्रव्यें. प्रत्येकाच्या वांट्यास दीड ग्रॅमहि येत नाहीं. लखनौस एकट्या आस्कंदाचें प्रमाण ५ ग्रॅम होतें. शिवाय पान लिहिणाराचा तोळा कोणता, हें ठाऊक नाहीं. मथळा 'धातुपुष्टीस' एवढाच असल्यामुळें हा योग क्लीबासाठीं, अबीजासाठीं, कीं आजारांतून उठलेल्या अशक्तासाठीं, हें त्या पानावरून ठरत नाहीं. विद्यार्थ्यास आम्हीं इतकेंच सांगितलें कीं, पान जुनें आहे, जपून ठेवण्यासारखें आहे, पण यांत तुझें नांव लिहिलेलें नाहीं. आधीं स्वतःची तपासणी करून घे, आणि कांहीं चूर्ण घेत असलास तर तेंहि डॉक्टरांपासून लपवूं नकोस. तो थोडा हिरमुसला. चूर्ण घेणें त्यास तपासणीहून सोपें वाटत होतें, आणि तें आम्हांस समजतें. दोन महिन्यांनीं त्याचा फोन आला. दोघेंहि एकत्र दवाखान्यांत जाऊन आलीं होतीं. पुढचें त्यानें सांगितलें नाहीं, आम्हीं विचारलें नाहीं. पान मात्र त्यानें आमच्याकडे ठेविलें.

वाचकांस एक विनंति आहे. बारामती, इंदापूर, फलटण, दौंड या टापूंतील ज्यांच्या संग्रहीं वैद्यकाचीं बाडें असतील, त्यांनीं असे योग उतरतांना द्रव्यांच्या यादीवर न थांबतां मथळ्याचा शब्द जसाच्या तसा घ्यावा. वजनाचें परिमाण, घेण्याचे दिवस, पथ्य, आणि औषध पुरुषानें घ्यावयाचें कीं स्त्रीनें, याचाहि उल्लेख असल्यास टिपावा. मागच्या पुढच्या पानांवर तिथि किंवा दत्तकासंबंधीं कांहीं मजकूर असल्यास त्याची नक्कल सोबत जोडावी. धातुपुष्टि, बीजवृद्धि, पुत्रप्राप्ति हे तीन मथळे कोणत्या काळीं वेगळे होते व केव्हां एक झाले, हें अशा पानांची बरीच संख्या जमल्यावरच सांगतां येईल.